"नुसती टिक करा, कागद लागत नाहीत"

नमस्कार ताई,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी आणि नवरा दोघंही नोकरीत, मुलगी दहावीत. गेले दोन महिने माझ्या इन्स्टाग्रामवर एका स्टार्टअपची जाहिरात सारखी येते आहे. सुई न टोचता, मनगटावरच्या पट्ट्याने रक्तातली साखर मोजणारं यंत्र ते काढताहेत. "यंत्र नंतर घ्या, आधी कंपनीत भागीदार व्हा" असं जाहिरातीत म्हटलं आहे. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांचा स्टॉलही होता, आणि कंपनी काढणारा मुलगा नवऱ्याच्या कॉलेजचा ज्युनियर निघाला. कमीत कमी २५ हजार डॉलर घालायचे आहेत. फॉर्मवर "मी ॲक्रेडिटेड इन्व्हेस्टर आहे" (म्हणजे कायद्याने ठरवल्याइतका सधन गुंतवणूकदार) असा एक चौकोन आहे. आम्ही विचारलं तर त्यांचा माणूस म्हणाला, "नुसती टिक करा, कागद लागत नाहीत. घराची किंमत धरली की तुम्ही बसताच. हवं तर घरावरच कर्ज काढा." करार "सेफ" नावाचा आहे. कंपनी एसईसीकडे (शेअरविक्रीवर देखरेख करणारी अमेरिकन सरकारी संस्था) आणि एफडीएकडे (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणारी) रजिस्टर्ड आहे, असंही सांगितलं. ओळखीतले दोघं आणले तर दर माणशी हजार डॉलर मिळणार आहेत. पुण्याचा माझा भाऊही पैसे घालायला तयार आहे. नवरा म्हणतो, इतकी उघड जाहिरात चालली आहे म्हणजे सरकारने तपासलंच असणार. ठाण्याला सासऱ्यांची बोटं टोचून टोचून घट्ट झाली आहेत, त्यामुळे त्याचा जीव या यंत्रात गुंतला आहे. वीस तारखेला राउंड, म्हणजे पैसे गोळा करण्याची ही फेरी, बंद होतो. मला मात्र धीर होत नाही. आमची आकडेवारी सोबत पाठवते आहे. काय करू?

— एडिसनची एक वाचक


नमस्कार.

आधी उत्तर देते, कारणं मागून सांगते. त्या चौकोनात टिक करू नका. वीस तारीख जाऊ द्या. आणि घरावर कर्ज तर मुळीच काढू नका.

तुमच्या मिस्टरांच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तेच वाक्य मला माझ्या ऑफिसात महिन्यातून एकदा तरी ऐकू येतं. उघड जाहिरात आहे म्हणजे सरकारने तपासलं असणार, हा तर्क साध्या, सरळ माणसाचा आहे. आपण दुकानातलं औषध घेतो, बँकेत पैसे ठेवतो, तेव्हा मागे कुणीतरी तपासणारा असतोच. पण खाजगी कंपनीच्या भागविक्रीत तसं नाही. गंमतीने नाही, अगदी गंभीरपणे सांगते: २०१३ च्या सप्टेंबरच्या आधी अशी जाहिरात दिसली असती, तर मी तुम्हाला म्हटलं असतं की इथे बहुधा कायदा मोडला जातो आहे. आज तशी जाहिरात करणं कायदेशीर आहे. पण तपासणारा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

हे झालं कसं, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत लोकांना शेअर विकायचे तर कंपनीने आधी सरकारदरबारी नोंदणी करायची, हिशेब उघडे करायचे, हा १९३३ च्या कायद्याचा पाया. १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला तेव्हा घरंच्या घरं धुऊन निघाली होती, त्यातून तो कायदा आला. छोट्या कंपन्यांना एवढा खर्च झेपत नाही म्हणून त्यांना एक सवलत होती: नोंदणीशिवाय पैसे गोळा करा, पण ओळखीतल्या, जाणत्या माणसांकडूनच. त्याची जाहिरात करायची नाही. पत्रक वाटायचं नाही, पेपरात छापायचं नाही, भर सभेत बोलायचं नाही. ही बंदी म्हणजे सामान्य माणसाच्या दारावरची कडी होती. ज्या गोष्टीत आपण पडायचं नाही, ती आपल्या कानावरच येत नव्हती.

मग २००८ ची मंदी आली. नोकऱ्या गेल्या, बँका कर्ज देईनात, आणि नव्या कंपन्यांना भांडवल मिळवणं सोपं करा असा रेटा सुरू झाला. ५ एप्रिल २०१२ रोजी ओबामांनी जॉब्स ॲक्टवर सही केली. त्या कायद्याच्या आधारे एसईसीने १० जुलै २०१३ रोजी जाहिरातबंदी उठवणारा नियम चार विरुद्ध एक मतांनी मंजूर केला. विरोधातलं ते एक मत कमिशनर लुईस अग्विलार यांचं होतं. २३ सप्टेंबरपासून नियम लागू झाला. या व्यवहारातली माणसं त्याला "५०६-सी" म्हणतात. जुनी, जाहिरात न करण्याची वाट "५०६-बी" या नावाने अजून चालूच आहे, आणि बराच मोठा पैसा आजही त्याच वाटेने जातो.

बंदी उठवली ते सरसकट चुकलं, असं मला वाटत नाही. बंदी होती तेव्हा पैसा उभा कुणाला करता येत होता? ज्याचा मामा बँकेत, ज्याच्या बापाची श्रीमंतांशी ऊठबस, त्याला. इथे शिकायला आलेल्या, खिशात फक्त एक चांगली कल्पना असलेल्या पोराने श्रीमंतांचं दार ठोठावायचं कसं? ती अडचण खरीच होती. मला राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. ज्या दिवशी जाहिरात मोकळी करायचा नियम मंजूर झाला, त्याच दिवशी एसईसीने ग्राहकाच्या बाजूचे आणखी काही नियम मांडले होते. जाहिरात सुरू करायच्या पंधरा दिवस आधी कळवा, जाहिरातीवर धोक्याची सूचना छापा, जाहिरातीचा मजकूर काही काळ तरी आमच्याकडे पाठवत जा. हे सगळं प्रस्ताव म्हणून मांडलं गेलं आणि तिथेच राहिलं. ते नियम आजतागायत झाले नाहीत. दार उघडलं, उंबरा घालायचा राहिला.

आता मुद्द्याचं. जाहिरात मोकळी करताना कायद्याने कडी काढून टाकली नाही, दुसऱ्या दाराला लावली. पूर्वी प्रश्न होता, ऐकू कुणाला येतं? आता ऐकू सगळ्यांना येतं, पण विकत फक्त "ॲक्रेडिटेड" माणसालाच घेता येतं. आणि खरेदी करणारा तसा आहे की नाही, हे पडताळून पाहण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. नुसता फॉर्म भरून घेऊन ती जबाबदारी संपत नाही. आयकराचे कागद बघा, गेल्या तीन महिन्यांतली बँकेची स्टेटमेंट आणि क्रेडिट रिपोर्ट बघा, नाहीतर वकील, सीपीए (म्हणजे इथला सीए), नोंदणीकृत ब्रोकर किंवा सल्लागार यांचं लेखी पत्र घ्या, असे मार्ग नियमानेच सांगून ठेवले आहेत. हे पत्र मागायला माझ्याकडे दरवर्षी दोनचार जण येतात. मी रिटर्न समोर ठेवते, खाती बघते, बेरीज करते, मगच सही करते. गेल्या वर्षी एकाला नाही म्हटलं. तो रागावून गेला, अजून बोलत नाही.

मार्च २०२५ मध्ये एसईसीच्या कर्मचाऱ्यांनी एक सवलत दिली. एखादा माणूस किमान २ लाख डॉलर घालत असेल, आपण पात्र असल्याचं आणि ही रक्कम या व्यवहारासाठी कुणाकडून उसनी घेतलेली नसल्याचं लिहून देत असेल, आणि कंपनीला उलट काही माहीत नसेल, तर तेवढ्यावर पडताळणी झाली असं धरता येतं. पण तुम्हाला सांगितलेत २५ हजार. २५ हजारांना ही सवलत लागू होत नाही.

म्हणजे बघा, इन्स्टाग्रामवर उघड जाहिरात करायची आणि वर "कागद लागत नाहीत" म्हणायचं, या दोन गोष्टी एका ताटात बसत नाहीत. जाहिरात केली तर कागद लागतातच. जो माणूस तुम्हाला कागदांतून सूट देतो आहे, तो स्वतःच्या कंपनीवरची जबाबदारी गुपचूप तुमच्या सहीवर ढकलतो आहे. मला वाटतं, त्या मुलालाही कदाचित हे नीट माहीत नसेल. पण माहीत नसण्याची किंमत तुम्ही का द्यायची?

आता तुमची आकडेवारी घेऊ. ॲक्रेडिटेड ठरायचे मुख्य रस्ते दोन. एक उत्पन्नाचा: एकट्याचं २ लाख डॉलरच्या वर किंवा नवरा-बायको मिळून ३ लाखांच्या वर, तेही मागची दोन्ही वर्षं, आणि यंदाही तेवढं होईल अशी रास्त अपेक्षा. तुमचं दोघांचं मिळून २ लाख ५८ हजार. बसत नाही. (२ लाखांचा हा आकडा १९८२ चा आहे, महागाईप्रमाणे तो कधी वाढवलाच नाही. म्हणून न्यू जर्सीतली कितीतरी नोकरदार घरं आज या रेषेच्या आसपास येऊन उभी आहेत, आणि म्हणूनच ही जाहिरात तुम्हाला येते आहे.)

दुसरा रस्ता मालमत्तेचा: देणी वजा जाता १० लाख डॉलरच्या वर. इथे त्या माणसाने तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुमचं एडिसनचं घर साडेसात लाखांचं, कर्ज २ लाख ६० हजार, म्हणजे घरात अडकलेले ४ लाख ९० हजार. राहतं घर २०१० पासून या हिशेबात धरताच येत नाही. ते बाजूला ठेवा. उरलं काय? दोघांचे फोर-ओ-वन-के, म्हणजे नोकरीतली निवृत्तीची खाती, मिळून ३ लाख ९० हजार. ते धरता येतात. बचत आणि शेअर ९५ हजार. ठाण्याचा फ्लॅट तुमच्या मिस्टरांच्या आणि सासऱ्यांच्या निम्म्या-निम्म्या नावावर, म्हणजे त्यांचा वाटा सुमारे ९२ हजार डॉलर. परदेशातली असली तरी स्वतःच्या मालकीची वस्तू धरायला हरकत नाही, पण सासऱ्यांचा अर्धा भाग नाही, आणि वाईची सामाईक जमीन वाटणी झाल्याशिवाय मी तरी धरणार नाही. गाडीचं कर्ज २२ हजार वजा करा. झाले ५ लाख ५५ हजार. घर मिळवलं की १० लाख ४५ हजार होतात, जेमतेम रेषेच्या वर. त्यांचा माणूस घर धरा असं का म्हणाला, ते इथे कळतं.

घरावर कर्ज काढायची सूचना तर आणखी वाईट. खरेदीच्या आधीच्या साठ दिवसांत राहत्या घरावरचं कर्ज वाढवलं, तर ती वाढ तुमच्या देण्यात धरायची असं नियमच म्हणतो. नेमकी हीच युक्ती लोक करतील, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं.

तुम्हाला वाटेल, टिक केली आणि चुकीची निघाली तर एवढं काय होणार? एक प्रसंग सांगते. २०१६ मध्ये माझ्या धाकट्या दिराने अशाच एका कंपनीत ४० हजार डॉलर घातले. नाव सांगत नाही, आता ती कंपनीही नाही. फोनवर बोटाने सह्या केल्या, एकवीस पानांचा करार, पंधरा मिनिटांत काम झालं. २०१९ मध्ये शुक्रवारी संध्याकाळी चार ओळींची ईमेल आली: आम्ही काम थांबवत आहोत, आपल्या विश्वासाबद्दल आभार. आम्ही वकिलाकडे गेलो. वकीलबाईंनी पानं उलटली, चौदाव्या पानावर थांबल्या, एका छोट्या चौकोनावर पेन टेकवलं आणि विचारलं, "हे खरं होतं का?" दीर टेबलाकडे बघत बसला. जाऊबाईंना त्या चौकोनाचा अर्थ तेव्हा पहिल्यांदा कळला.

वकीलबाईंनी नंतर समजावून सांगितलं. नोंदणी नाही आणि सवलतीच्या अटीही पाळलेल्या नाहीत, असे शेअर विकले असतील तर घेणाऱ्याला पैसे परत मागता येतात. पण त्याला मुदत एक वर्षाची, ती उलटली होती. आणि कंपनीकडे द्यायला काही उरलंही नव्हतं. फसवणुकीचा दावा लावायचा तर समोरचा वकील पहिल्यांदा तेच चौदावं पान दाखवणार: तुम्हीच लिहून दिलंत की आम्ही जाणते आणि सधन आहोत. म्हणजे कायद्याने ज्याच्यासाठी भिंत बांधली, त्यानेच स्वतःच्या हाताने तिच्यात खिंडार पाडलेलं. दिराचं रिटर्न मीच भरते. भांडवली तोटा पगारातून वर्षाला जास्तीत जास्त ३ हजार डॉलर वजा होतो, त्यामुळे ते ४० हजार अजून दरवर्षी माझ्यासमोर थोडे थोडे येतात. आकडा टाकताना दरवेळी मला तो चौकोन दिसतो.

तुमच्या पत्रातला "रजिस्टर्ड" हा शब्दही सोडून देता येणार नाही. एसईसीकडे ही कंपनी बहुधा "फॉर्म डी" भरते. पहिली विक्री झाल्यापासून पंधरा दिवसांत भरायची ती एक सूचना आहे: आम्ही नोंदणीशिवाय पैसे गोळा करतो आहोत, या सवलतीखाली, एवढे. एसईसी ती मंजूर करत नाही, तिच्यातलं खरं-खोटं तपासत नाही. फॉर्म पोचला, एवढाच त्याचा अर्थ. तलाठ्याकडे अर्ज दिला म्हणजे जमीन नावावर झाली, असं आपण म्हणतो का?

एफडीएचंही तेच. उपकरण बनवणाऱ्या कारखान्याची नोंद होते, ती म्हणजे यंत्राला मिळालेली परवानगी नव्हे, आणि हे एफडीए स्वतः सांगते. तुमच्या बाबतीत तर याहून थेट गोष्ट आहे. त्वचा न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, अशा एकाही यंत्राला आम्ही परवानगी दिलेली नाही, असा इशारा एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. जगातल्या बड्या बड्या कंपन्या या प्रश्नावर वर्षानुवर्षं पैसा ओतताहेत. म्हणून हा मुलगा खोटंच बोलतो आहे असं मी म्हणणार नाही, पण परवानगीचं पत्र बघितल्याशिवाय "रजिस्टर्ड" या शब्दावर २५ हजार ठेवायचे नाहीत. चुकीचा आकडा दाखवणारं यंत्र डायबेटिसच्या माणसाच्या जिवावर बेततं. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर साखर एकदम खाली जाते. सासऱ्यांसाठी आजच काही करायचं असेल, तर दंडावर चिकटवायचे, त्वचेखाली केसासारखा बारीक तंतू ठेवणारे सेन्सर आहेत. ते परवानगी मिळालेले आहेत आणि ठाण्यातही मिळतात. त्यांच्या डॉक्टरांना विचारा. बोटं टोचणं त्याने बरंच कमी होईल, आणि तुमच्या मिस्टरांच्या मनावरचा भारही.

"सेफ" या नावावर जाऊ नका. इंग्रजीतल्या चार शब्दांची ती आद्याक्षरं आहेत, सुरक्षिततेशी त्यांचा काही संबंध नाही. हा करार सिलिकॉन व्हॅलीतल्या वाय कॉम्बिनेटर या नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये तयार केला. सेफ म्हणजे शेअर नव्हे आणि कर्जही नव्हे. पुढे कधी कंपनीने मोठा राउंड उभा केला किंवा ती विकली गेली, तर तुम्हाला भाग किंवा त्यांच्या बदल्यात पैसे मिळतील एवढं वचन. व्याज नाही, परतफेडीची तारीख नाही. मोठा राउंड झालाच नाही तर तो कागद तसाच पडून राहतो. रोज असे व्यवहार करणाऱ्यांना हे सगळं माहीत असतं, पण मंडळाच्या स्टॉलवर सेफ म्हटलं की ऐकणाऱ्याला तिजोरी आठवते.

ओळखीतली माणसं आणण्याचे हजार डॉलर नको म्हणा. भागविक्रीवर दलाली घ्यायला साधारणपणे ब्रोकर म्हणून नोंदणी लागते, तुमच्याकडे ती नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, उद्या पैसे बुडाले तर मंडळात त्या दोन घरांच्या समोरून तुम्हाला जायचं आहे. आपली भाषा, आपलं कॉलेज, आपला गणपती, यांच्या ओळखीवर पैसे मागणाऱ्यांविषयी एसईसी वर्षानुवर्षं सावध करते आहे. आपल्या माणसाला कागद मागायची आपल्याला लाज वाटते, तिथेच सगळं निसटतं.

भावाचं एका ओळीत: त्याने एक रुपयाही पाठवू नये. भारतात कंपनी कायद्याचं ४२ वं कलम खाजगी भागविक्रीची अशी जाहिरात करू देत नाही, आणि परदेशातल्या खाजगी कंपनीत पैसे घालायचे तर रिझर्व्ह बँकेचे वेगळे नियम आहेत. आधी त्याच्या सीएला विचारू दे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मग आमच्यासारख्यांनी नव्या कंपन्यांकडे बघायचंच नाही का? बघा की. त्यासाठी त्याच जॉब्स ॲक्टमध्ये दुसरी वाट आहे, मे २०१६ पासून चालू झालेली क्राउडफंडिंगची, म्हणजे पुष्कळ लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करण्याची. तिथे ॲक्रेडिटेड असावं लागत नाही. नोंदणीकृत पोर्टलवरूनच व्यवहार होतो, कंपनीला आपले हिशेब आणि धोके लिहून द्यावे लागतात, पोर्टलबाहेरच्या जाहिरातीत अटींच्या पलीकडे फारसं बोलता येत नाही, आणि मुदत संपायच्या ४८ तास आधीपर्यंत तुम्हाला मन बदलून पैसे परत घेता येतात. वर्षाला किती घालायचे, याचीही मर्यादा कायद्याने घातली आहे. तुमच्यासारख्या घराला ती उत्पन्न किंवा मालमत्ता, जे जास्त असेल त्याच्या दहा टक्के अशी येते. ही कायद्याची मर्यादा झाली. माझी मर्यादा विचाराल तर मुलगी कॉलेजला जाईपर्यंत हजार-दोन हजारांच्या वर जाऊ नका, आणि ते गेले असंच धरून घाला. तिथेही बहुतेक छोट्या कंपन्या बुडणारच आहेत, पण तिथे खोटं लिहून द्यावं लागत नाही.

मला एक गोष्ट फार खटकते, ती इथे लिहून टाकते. जिथे सामान्य माणसाला खरेदी करता येते, त्या वाटेवर जाहिरातीला लगाम आहे. जिथे फक्त सधनांना करता येते, तिथे जाहिरात मोकाट आहे. कागदावर हे तर्काला धरून आहे, कारण सधन माणूस स्वतःचं बघून घेईल. पण इन्स्टाग्रामला कोण सधन आणि कोण नाही, हे कळत नाही. त्याला फक्त एवढं कळतं की एडिसनची एक बाई रात्री अकरा वाजता डायबेटिसविषयी वाचत होती.

मिस्टरांशी भांडू नका. त्यांना वडिलांची काळजी आहे आणि ज्युनियर पोराचं कौतुक आहे, दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत. दोघं मिळून एसईसीच्या एडगर या साइटवर कंपनीचं नाव टाका. फॉर्म डी सापडला तर त्यात कुठल्या सवलतीपुढे खूण आहे ते बघा. तिथे ५०६-बी असेल आणि जाहिरात इन्स्टाग्रामवर चालली असेल, तर पुढे काही बघायची गरजच नाही. फॉर्म सापडलाच नाही आणि ते म्हणत असतील की बऱ्याच लोकांचे पैसे येऊन गेलेत, तरीही नाही. गोळा झालेल्या पैशातून कंपनीच्या मालकांना किती जाणार, दलाली कुणाला, याचे रकानेही त्यातच आहेत.

आणि त्या मुलाला मिस्टरांच्या नावाने, फोनवर न बोलता, हा मजकूर पाठवा. मी लिहून देते आहे, तसाच पाठवा:

"तुझ्या कामाचं मनापासून कौतुक आहे. आम्ही दोघं ॲक्रेडिटेडच्या व्याख्येत बसत नाही, राहतं घर त्यात धरता येत नाही, त्यामुळे फॉर्मवर टिक करणार नाही. आणखी तीन गोष्टी लेखी कळव: हा राउंड ५०६-बी खाली आहे की ५०६-सी खाली, पात्रता कोण आणि कशी पडताळतं, आणि यंत्राला एफडीएची परवानगी कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने मिळाली. पुढे कधी क्राउडफंडिंगच्या पोर्टलवर आलास तर जरूर कळव."

चांगला मुलगा असेल तर हे वाचून वकिलाला फोन करील, त्यात त्याचंही भलं आहे. उत्तर काहीही आलं तरी ते जपून ठेवा, आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसह आजच काढून ठेवा; राउंड बंद झाल्यावर त्या जाहिराती दिसेनाशा होतात. उत्तरात पुन्हा "नुसती टिक करा" असंच आलं, तर तो मजकूर आणि ते स्क्रीनशॉट न्यू जर्सीच्या ब्युरो ऑफ सिक्युरिटीजकडे, म्हणजे शेअरविक्रीवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या खात्याकडे, पाठवायचे. त्यांचा तक्रारीचा फॉर्म साधा आहे. अडलात तर शनिवारी सकाळी या, मी ऑफिसातच असते, बसून भरू.